टोमॅटोचे ट्रे

"पपा, एवढ्या उकाड्यात तू हातमोजे का घालतोस?"

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणींनी, तमारा आणि रोमिनाने, पैज लावली होती: विचारून दाखव, आल्फाहोरची गोड बिस्किटं आमच्याकडून. आणि मी म्हणजे या मार्चपासून वर्गप्रतिनिधी! मुलींच्या संडासाला कडी का नाही, हे भर सभेत विचारून कडी बसवून घेतलेली नोएलिया. पपाला काय घाबरायचं?

पपा दारात उभा होता. काखेत थर्मास, हातात येर्बाच्या कडू चहाचा पेला आणि पेल्याभोवती लोकरीची बोटं.

"थंडी वाजते," तो म्हणाला.

"मिल्टनकाका, बाहेर कुत्रीसुद्धा सावली शोधतायत," रोमिना म्हणाली आणि दोघी फिसकन हसल्या. मीही हसले. पण पपाने इतकी दरिद्री थाप आयुष्यात मारली नव्हती. थापा मारण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. म्हणून हसता हसता मी त्याच्या मोज्यांकडे बघत राहिले.

आमच्या घरात हात हा विषय साधा नाही. पपा पूर्वी कार्निव्हलमधल्या ताफ्यांचे फोटो छापायचा. चित्र उमटवणाऱ्या रसायनात, डेव्हलपरमध्ये, कागद हलवायला बाकीचे लोक चिमटा घ्यायचे, पपा उघडा हात घालायचा. एखादा चेहरा उमटायचा मागे राहिला की तो अंगठ्याने हलकेच चोळायचा. ऊब लागली की चेहरा वर येतो. बघणारे लांबूनच सांगायचे, हा मिल्टनने छापलेला, यातले डोळे आपल्याकडे बघतात. मग त्याच हातांची सालं निघायला लागली, बोटं चिरली, रक्त यायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हे रसायन तुमच्या कातडीला आता कधीच चालणार नाही. मी तेव्हा लहान होते. रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावायचं काम माझ्याकडे होतं आणि मला तो खेळ वाटायचा. आई त्याला चमच्याने भरवायची. एक दिवस तिने रसायनांचे सगळे ट्रे भंगारात दिले आणि फोटो मोठे करायच्या एन्लार्जरवर चादर टाकली. हात बरे झाले. पपा किल्ल्या बनवायच्या दुकानात कामाला लागला.

आणि गेल्या महिन्यात रविवारच्या बाजारातून, नेल्बाबाईंच्या पथारीवरून, त्याने तीन जुने ट्रे उचलून आणले.

"टोमॅटोची रोपं लावतो," त्याने आईला सांगितलं. बेकरीतून दमून आलेल्या आईने मान डोलावली. मधूनमधून ती विचारायची, "काय रे, उगवले का तुझे टोमॅटो?"

मैत्रिणी गेल्यावर मी थेट गच्चीवर गेले. पपा कपडे धुवायच्या हौदाशी वाकला होता. मोजे दोरीवर वाळत होते. ट्रेमध्ये कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा, आणि त्यात पपाचे दोन्ही हात. लालबुंद. बोटांच्या सांध्यांवर चिरा.

"पपा! बाहेर काढ आधी!"

"हळू बोल, खाली ऐकू जाईल."

"रबरी मोजे घालून घास ना मग!"

"मोज्यातून कळत नाही गं. हा रसायनाचा डाग बघ. प्लास्टिकच्या आत मुरलाय, बोटाला लागत नाही, तो काही करत नाही. आणि हा कोपऱ्यातला, हा वर बसलाय. हा निघाला नाही तर पुढचे सगळे कागद खराब. डोळ्याला दोन्ही सारखेच."

मी बाही वर केली. त्याने नको म्हणायच्या आत बोट फिरवलं. खरंच! एक डाग गुळगुळीत, दुसरा बारीक रव्यासारखा खरखरीत.

"स्क्रबरने खरवडते थांब."

"खबरदार! चरा पडला तर रसायन त्यात कायमचं जाऊन बसेल. फडकं घे."

मी फडकं घेतलं. फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या ट्रेवरचं पांढरं कीट व्हिनेगरने उतरवलं, डेव्हलपरच्या ट्रेमधली काळी पुटं सोड्याने. ट्रेच्या कडांवर कुणीतरी खाचा पाडल्या होत्या: एक, दोन, तीन. अंधारात हाताला कळावं म्हणून. इतकं मस्त वाटत होतं की मी चक्क गाणं म्हणायला लागले, आणि शेजारी पपा ओल्या फडक्यात बोटं गुंडाळून उभा होता.

"कशाला हवेत रे हे तुला?"

"कार्निव्हलच्या क्लबला जुने फोटो हवेत, भिंतीवर लावायला. निगेटिव्ह माझ्याकडेच आहेत. दुसरा कोण छापणार?" मग हळूच, "आईला सांगू नकोस."

मी कबूल केलं. त्याबद्दल मला अजून बरं वाटत नाही.

रविवारी आई मावशीकडे गेली आणि आम्ही न्हाणीघरात लाल दिवा लावला. पपाने रबरी मोजे घातले होते, चिमटाही घेतला होता. कागद बुडाला. आधी ढोल दिसला, मग टोपी, मग खांदे. ढोलवाल्याचा चेहरा मात्र कोरा. पपा कुरकुरला. मी त्याच्याकडे बघेपर्यंत मोजा निघालेला होता आणि अंगठा रसायनाच्या पाण्यात. तो गोल, हलका, बाळाच्या गालावरून फिरवावा तसा फिरत होता, आणि पाण्याखालून डोळे उघडले. देवाशपथ, माझ्या अंगावर काटा आला. पपाच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी त्याचा हात ओढायला हवा होता. मी बघत राहिले.

सोमवारी सकाळी पपाने मला हाक मारली, अगदी हळू. शर्टाची बटणं उघडी होती. बोटं सुजून मिटत नव्हती. मी वरचं बटण लावत असताना आई दारात येऊन उभी राहिली. तिने आधी बटण बघितलं, मग हात.

"टोमॅटोंनी केलं का हे?"

"भांड्यांचा नवा साबण..." पपा म्हणाला.

"मिल्टन, मी बेकरीत पाव भाजते, अक्कल नाही भाजत." तिने फडताळातून मलमाची ट्यूब काढली. "मला रडवायचं होतं तर सरळ सांगायचंस. आज ते ट्रे भंगारात जाणार."

त्या तसल्या हातांनी पपाने खुर्ची ओढली आणि खाली बघत बसला. कुणी घरातून माणूस उचलून नेल्यासारखा.

"ट्रे जाणार नाहीत," मी म्हणाले. आवाज माझाच होता, सभेतला. "मी ठरवलंय. यापुढे छापणार मी. मोजे घालून, चिमट्याने. पपा स्टुलावर बसून सांगेल, हात मांडीवर."

"आणि तुझे हात?" आई ओरडली.

"पहिलं पुरळ दिसलं तर तूच मला डॉक्टरीणबाईंकडे ने, आणि मी बंद करीन. तुझ्यापासून काही लपवणार नाही, यावेळी लपवलं तेवढं पुरे."

"चिमट्याने तो चेहरा वर येणार नाही, नोएलिया," पपा म्हणाला.

"माहीत आहे. फिके येतील चेहरे. येऊ देत. पण पपा, तू एक बोट जरी त्या पाण्यात घातलंस ना, तर त्याच दिवशी मी तिन्ही ट्रेमध्ये माती भरून खरोखरचे टोमॅटो लावणार आहे."