शेवटच्या टेबलावरचा पंखा

"तो पंखा राहिला," आर्किटेक्टबाई म्हणाल्या आणि त्यांनी तापमापक पुन्हा पिशवीत ठेवला. "सगळं बंद केल्याशिवाय मोजता येत नाही."

मॅनेजरने शेडच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. शिलाई मशिनांच्या रांगा संपत होत्या तिथं, भिंतीलगतच्या टेबलावर एक छोटा पंखा घरघरत होता. समोरची खुर्ची रिकामी. अख्ख्या शेडमध्ये आज चिटपाखरू नव्हतं. बायकांना भरपगारी सुट्टी दिली होती.

"त्याला हात लावला की बायका भांडायला उठतात. गेल्या उन्हाळ्यात तिथं जी गेली ना, तिला अजून उकडतं म्हणे." तो हसला, पण पंख्याकडे काही गेला नाही. "राहू द्या हो. आपण मोजणार मधोमध. तिथवर वारा कुठला यायला?"

मधोमध त्याने स्टूल मांडून ठेवलं होतं, वर धुतलेलं फडकं. पहाटेपासून कूलर चालवून आत्ता कुठे बंद केले होते. मोठा तयारीचा गडी!

आणि त्याचं तरी काय चुकलं? पळवाट कायद्यानेच ठेवली होती. इमारतींच्या ऊर्जेचा नवा कायदा म्हणत होता, पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर हवाच. जुन्या शेडना सूट, पण दुपारी दोन वाजता आत पारा पस्तिसाच्या वर जाता कामा नये. गेला, तर थर बसेपर्यंत कुलूप. त्यावर उद्योग शेजारच्या राज्यात पळतील अशी ओरड झाली, आणि विधानसभेत शेवटच्या दिवशी एक ओळ आत शिरली: मोजण्याची जागा आर्किटेक्टने ठरवावी. झालं! सगळ्यांनी काखा वर केल्या.

बाईंना तर पळायलाही जागा नव्हती. या शेडचा नकाशा त्यांनीच काढलेला. सात वर्षांपूर्वी मालक म्हणाला होता, "विकासाच्या पट्ट्यात थराची सक्ती नाही," आणि बाईंनी नकाशावरची थराची रेघ स्वतःच्या हाताने खोडली होती. नियमात बसत होतं. गेल्या उन्हाळ्यात पेपरात त्या मृत्यूबद्दल चार ओळी आल्या. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला होता. तेव्हापासून कुठलाही नकाशा उघडला की बाईंना छताखाली ती खोडलेली रेघ दिसायची. कोऱ्या कागदावरसुद्धा.

वर टक् झालं. मग टक्, टक्, कुणी अनवाणी चालत गेल्यासारखं.

"पत्रा तापला की वाजतो," बाई म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"पाणी घ्या, वन्सं."

बाईंच्या धाकट्या भावाची बायको पेला घेऊन उभी होती. बाईंनीच शब्द टाकून तिला दोन महिन्यांपूर्वी इथं लावलं होतं. सगळ्यांना सुट्टी आणि हिला तेवढं पाणी द्यायला का बोलावलं, हे न कळायला बाई दुधखुळ्या नव्हत्या.

मॅनेजर फोन घ्यायला बाहेर गेला, तशी भावजय हळूच म्हणाली, "मधोमधच मोजा हं. एकदा कुलूप लागलं की मालक येतोय कशाला परत? यांच्या गोळ्या, पोरीची शाळा... आमचं हातावर पोट."

"तो कसा आहे?"

"काल काठीशिवाय दारापर्यंत आले. मग पडले. तुम्हाला सांगू नको म्हणालेत."

दोघी हसल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंनी मनाशी स्टूल नक्की केलं. पण नियम तो नियम. पंखा बंद करायला त्या स्वतःच निघाल्या.

छत त्या टोकाला उतरत गेलं होतं. उतार त्यांनीच दिलेला. दर पावलाला तोंडावर वाफ यायला लागली.

"वन्सं, तिकडं नका जाऊ."

मेलेल्या माणसाची जागा, घाबरत असेल, असं बाईंना वाटलं. त्या बटणाकडे वाकल्या आणि तशाच थांबल्या. खुर्चीवर एक उशी होती. निळ्या चौकटीची, एका कडेला उन्हाने विटलेली. बाईंच्या ऑफिसातल्या पडद्याचं कापड. जुने पडदे त्यांनी भावजयीलाच दिले होते.

"कधीपासून बसतेस इथं?"

भावजयीने पेला छातीशी धरला. "पहिल्या दिवसापासून. नवीन बाईला हीच जागा मिळते." मग घाईघाईने म्हणाली, "पण पंखा असतो ना! एरवी मॅनेजर टेबलावर पंखा ठेवू देत नाही. जी गेली तिच्यासाठी आहे म्हटलं की हात लावायला भितो. म्हणून आम्ही तो बंदच करत नाही."

बाई त्या उशीवर बसल्या. तापमापक टेबलावर ठेवला. फॉर्मवर 'मोजण्याची जागा' या शब्दांपुढे त्यांनी लिहिलं: शेवटचं टेबल. वरची टकटक डोक्यावर येऊन थांबली.

"वन्सं, अहो, काय करताय?"

बाईंनी कपाळ पुसलं. घाम डोळ्यांत उतरत होता.

"उठा ना. तिथं पंखा असूनही फार वेळ बसवत नाही."

बाई उठल्या नाहीत. भावजयीने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मधल्या स्टुलाकडे. मग तिने पेला खाली ठेवला, भिंतीशी वाकली आणि पंख्याची पिन काढली.

पाती फिरत फिरत थांबली.

"किती वेळ ठेवायचं असतं?" तिने विचारलं.

"दहा मिनिटं."

ती खुर्चीशेजारी फरशीवर बसली.