पाहुण्यांसाठी साफ केलेलं रान

“जमीन ही शेतकऱ्याची आई असते,” कृषी खात्याचे साहेब माईकवरून गंभीरपणे म्हणाले.

या आईच्या सातबाऱ्यावर फक्त गोकुळचं नाव होतं. म्हणून हवामानपूरक शेतीचा पुरस्कार त्यालाच जाहीर झाला. गोकुळ चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि रानात पोळ्याला यायचा.

त्याची बायको चतुराबाई मागं बायकांत बसली होती. चार वर्षं तिनं त्या एकरभर रानात नांगर घातला नव्हता. कपाशी निघाली की पऱ्हाट्या बुडातून कापायच्या, तुकडे करून तिथंच अंथरायच्या, कुजू द्यायच्या. गाव म्हणायचं, गोकुळच्या बायकोला आळस भरलाय. खाली मात्र माती लोण्यासारखी झाली होती.

ती उठली. “सायेब, काम मी करते. माझं नाव लावता येईल का?”

“ताई, मालकाचंच लागतं. परवा येतो रान बघायला.”

वाटेत ती नवऱ्याला म्हणाली, “अवो, सातबाऱ्यावर माझं बी नाव लावा की.”

“कशाला? जमीन काय पळून चाललीय का?”

दुसऱ्या दिवशी ती पाहुण्यांसाठी सामान आणायला पैठणला गेली. परतताना एसटीतून उतरली, तर रानावर धूर. गोकुळनं रजा टाकून पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, वर भाड्याचा रोटाव्हेटर फिरवला होता.

“लई कचरा व्हता,” तो घाम पुसत म्हणाला. “मोठी माणसं येणार. बघ, मांडवागत साफ केलं.”

“अवो, त्यो कचराच बघाया येणार व्हते ते!”

“मग आधी सांगायचं.”

“चार वरसं काय सांगतेय मग?”

“रान माझं हाय. मी काय बी करीन.”

कागदोपत्री हे खरं होतं. चतुराबाईनं ढेकूळ उचललं. त्यात अर्धं भाजलेलं गांडूळ होतं. तिनं ते नवऱ्यापुढं धरलं.

रात्रभर विचार करून तिनं ठरवलं, साहेबांना बांधावर न्यायचं आणि सगळं दाखवायचं. पुरस्कार गेला तर गेला. काय होतं आणि काय केलं, ते निदान कुणीतरी बघावं.

ठरल्या दिवशी गाड्या आल्या. शाळेच्या व्हरांड्यात गोकुळला फेटा बांधला, प्रमाणपत्र दिलं, फोटो झाले.

“सायेब, आता रानात चला,” चतुराबाई म्हणाली. “तुमाला दावायचंय.”

साहेबांनी बाहेर बघितलं. मग घड्याळात बघितलं.

कुणीच गेलं नाही. ऊन फार होतं.