लिपाची तीन झाडं

त्या वर्षी आमच्या बागेतली लिपाची, म्हणजे लिंडनची, तीन झाडं फुललीच नाहीत. एन्योवदेनला, औषधी फुलं-पानं गोळा करायच्या सणाला, आम्ही बायका नेहमीसारख्या पिशव्या घेऊन चहासाठी फुलं खुडायला उतरलो, तर खाली पाचोळा. जून महिना आणि पायाखाली पाचोळा! पानं कडेनं करपली होती, शेंड्याच्या फांद्या उघड्या पडल्या होत्या. बाजूचं चौथं झाड मात्र हिरवंगार, मधमाश्यांनी गजबजलेलं.

पालिकेच्या उद्यान खात्यातून मिलेवा नावाची बाई आली. तिनं बुंध्याभोवतीची माती खरवडली, गुडघ्यावर बसली आणि आम्हाला बोलावलं. जमिनीलगत बोटभर रुंदीची भोकं होती. तिरकी, खोल, वरून मेणानं नीट बुजवलेली.

"तणनाशक ओतलंय," ती म्हणाली. "एकेका झाडाला सहा भोकं. यंत्राचं ड्रिल नाही हे, आवाज झाला असता. हातानं फिरवायचं गिरमिट असणार. तुमच्यातलंच कुणीतरी आहे."

ती निघून गेली, पण तिचं शेवटचं वाक्य आमच्यात राहिलं.

बल्गेरियातल्या डॅन्यूब नदीकाठच्या रुसे शहरातली आमची वस्ती तशी साधी. आठ मजल्यांची इमारत, समोर बाग, बागेत बुद्धिबळाची दोन सिमेंटची टेबलं, कोपऱ्यावर कॉफीची टपरी. मी दोब्रिंका, चौतीस वर्षं इथल्याच शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे निम्मी वस्ती मला अजून 'बाई' म्हणते आणि मी बोलले की ऐकून घेते. त्या उन्हाळ्यात ही सवय आम्हा सगळ्यांना महागात पडली.

इमारतीची व्यवस्था बघणारा गेंचो बुद्धिबळाच्या टेबलावर रोज नवा आरोपी उभा करायचा. "औषधाच्या दुकानाची पाटी झाडामागे जात होती, लिहून घ्या." दुसऱ्या दिवशी, "तिसऱ्या मजल्यावरचा तो, ज्याच्या गाडीवर लिपाचा चिकट रस पडतो. रोज शिव्या घालत गाडी पुसतो." मग इस्क्राचं नाव आलं, कारण तिच्या मुलीला फुलांनी शिंका येतात. इस्क्रा पोरीला कडेवर घेऊन तरातरा खाली आली.

"गेंचो, तुझी बायको गेल्या वर्षी म्हणत होती ना, खोलीत उजेड येत नाही म्हणून? तिलाही घे यादीत!"

त्या दिवसापासून लोक एकमेकांच्या पिशव्यांकडे बघू लागले. कुणी बागेत वाकून बुटाची नाडी बांधली तरी वरच्या खिडकीतला पडदा हलायचा. माझाही हलायचा.

आणि मला दिसला ल्युबेन.

ल्युबेन आदल्या हिवाळ्यात पाचव्या मजल्यावर राहायला आलेला. पन्नाशीचा, एकटा, कमी बोलणारा. सकाळी साडेपाचला उजाडताना मी बाल्कनीत जिरॅनियमला पाणी घालत होते. तो लिपाच्या ओळीत गुडघे टेकून बसला होता. शेजारी लांब कापडी पिशवी. हातात मूठ असलेली काहीतरी वस्तू. त्यानं जमिनीत ती फिरवल्यासारखं केलं, मान वर करून इकडेतिकडे पाहिलं, काहीतरी खिशात टाकलं आणि माती पायानं सारखी केली.

मी खाली जाऊन हे सांगितलं. गेंचोनं विचारलं, "हातात काय होतं, बाई?"

"गिरमिट," मी म्हणाले.

हा शब्द माझ्या तोंडून कसा गेला, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मी चौथ्या मजल्यावर होते, चष्मा आत टेबलावर होता. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि 'मूठ असलेली काहीतरी वस्तू' हे उत्तर शिक्षिकेला शोभणारं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याला टपरीपाशी गाठलं. गेंचो पुढे, मागे दहाबारा जण.

"पिशवीत काय आहे, ल्युबेन?"

"माझं सामान."

"दाखव की मग."

"का दाखवू? तू पोलीस आहेस?"

"झाडाशी पहाटे काय करत होतास? बाईंनी पाहिलंय."

तो माझ्याकडे वळला. मला वाटलं होतं तो चिडेल. पण त्याचा चेहरा पांढरा पडला. पिशवी पोटाशी धरून तो सरळ निघून गेला, आणि आम्हाला जो पुरावा हवा होता तो त्याच्या पाठीतच मिळाला. निर्दोष माणूस असा पळतो का? हेच सगळे म्हणाले, मीही म्हणाले.

त्यानंतर टपरीवाल्यानं त्याला कॉफी देणं बंद केलं. 'यंत्र बिघडलंय' म्हणायचा, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्याच यंत्रातून कप भरून द्यायचा. लिफ्टमध्ये तो असला तर लोक जिना चढायचे. एक दिवस त्याच्या दारावर लाल रंगात 'खुनी' लिहिलेलं दिसलं. पोलिसांनीही बोलावून विचारलं. तो गप्प राहिला, आणि पुरावा नाही म्हणून त्यांनी सोडून दिलं. यामुळे तर संशय पक्काच झाला.

झाडांची चौकशी व्हावी म्हणून सह्या गोळा करायला माझ्याबरोबर कीना असायची. कीना माझी तीस वर्षांपासूनची मैत्रीण, आमच्याच जिन्यावर पहिल्या मजल्यावर राहते. तिचा नवरा स्तावरी जहाजबांधणीच्या कारखान्यात सुतार होता. चार वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि तो अंथरुणाला खिळला. बोलतो स्वच्छ, पण मानेखाली उजवा हात तेवढा चालतो. दारोदार फिरताना कीना फारसं बोलायची नाही. ल्युबेनचा विषय निघाला की म्हणायची, "जाऊ दे ना, दोब्रिंका. सापडेल तेव्हा सापडेल." मला वाटायचं, थकली आहे बिचारी.

जुलैच्या शेवटी एका दुपारी मी तिच्याकडे कॉफीला गेले. बऱ्याच दिवसांनी आतल्या खोलीत गेले, आणि दारातच थबकले. ती खोली मला काळोखीच आठवत होती. भर दुपारी दिवा लावावा लागायचा. आता पलंगावर, स्तावरीच्या छातीवर, समोरच्या भिंतीवर ऊन पसरलं होतं. त्यानं डोळे मिटून चेहरा खिडकीकडे केला होता.

"ये, बस," तो म्हणाला. "माझ्या उन्हात बस. चार वाजेपर्यंत असतं हल्ली. आधी नुसती पानं बघत पडायचो. हिरव्या पाण्याखाली बुडाल्यासारखं वाटायचं."

"बरं वाटतं ना?"

"माणसात आल्यासारखं वाटतं. झाडं गेली ते वाईटच. पण खरं सांगू? मला नाही वाईट वाटत. कीनाला सांगू नको, तिनं एवढ्या सह्या गोळा केल्यात."

स्वयंपाकघरात कॉफीचं भांडं वाजत होतं. स्तावरीला गप्पांची हौस आली होती.

"माझी हत्यारं अजून कामाला येतात बरं का. मे महिन्यात कीनानं गिरमिट काढलं. मला विचारत होती, ओल्या लाकडाला भोक कसं पाडायचं. म्हटलं, सालीवरून पातं घसरतं, म्हणून आधी खिळ्यानं खूण कर. मग तिरकं धर, वजन टाक. बाल्कनीत द्राक्षाच्या वेलीला खांब उभा करायचा म्हणाली. कसा झालाय खांब? मला इथून दिसत नाही."

मी बाल्कनीकडे पाहिलं. कपडे वाळत घालायची दोरी होती, मिरचीची दोन रोपं होती. वेल नव्हता. खांब नव्हता.

"छान झालाय," मी म्हणाले.

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता. मी आत गेले. कीना ओट्याला टेकून उभी होती. कॉफी उतू जाऊन शेगडीवर करपत होती आणि ती तिकडे बघतही नव्हती.

"दार लाव," ती हळू म्हणाली.

मी लावलं.

"कधी केलंस?"

"पाऊस होता ते तीन दिवस. दुपारी. छत्री घेऊन बसायची. पावसात कोण बघतंय बागेकडे?"

"कीना, अगं, साठ वर्षांची झाडं!"

"मला सांगतेस? सात अर्ज केले मी पालिकेकडे. तोडा म्हटलं नव्हतं, फक्त फांद्या छाटा म्हटलं होतं. तीनदा माणसं यायची ठरली. तीनदा तुम्ही सह्या करून परत पाठवलीत."

"ते आधी छाटणीच्या नावाखाली सगळं बोडकं करून गेले होते, म्हणून..."

"का ते मला माहीत आहे. ते पत्र तू लिहिलं होतंस. फार सुंदर लिहिलं होतंस. पहिली सही तुझी होती." ती शांतपणे बोलत होती. "मी येऊन सांगितलं नव्हतं तुला? जिन्यात उभी राहून? तू म्हणालीस, 'सगळ्यांचा विचार करायला हवा, कीना.'"

मी तसं म्हणाले होते. मला आठवलं, आणि ते म्हणताना मी किती समाधानी होते तेही आठवलं.

"आणि ल्युबेन?" मी विचारलं. "त्याच्या दारावर खुनी लिहिलंय. तू बघत राहिलीस?"

इथे मात्र तिचा आवाज फाटला. "मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. तू घेतलंस. माझं गिरमिट कपाटात होतं, दोब्रिंका, आणि तू सांगत होतीस की त्याच्या हातात पाहिलं. मी घाबरले. मग रोज उद्या सांगू, उद्या सांगू..." तिनं शेगडी बंद केली. "जा, सांग सगळ्यांना. अडवत नाही मी. फक्त स्तावरीसमोर नको."

"मी नाही सांगणार. तू सांग," मी म्हणाले आणि कॉफी न पिताच निघाले.

तिथून मी पाचव्या मजल्यावर गेले. ल्युबेननं साखळी न काढता दार किलकिलं केलं. दारावरची अक्षरं त्यानं घासली होती, पण गुलाबी डाग राहिला होता.

"ते तुमचं काम नव्हतं, हे मला कळलंय," मी म्हणाले. "मी माफी मागायला आलेय."

त्यानं जिन्याच्या वरखाली पाहिलं. मग म्हणाला, "बागेच्या जागी पूर्वी जत्रा भरायची. माझ्याकडे धातू शोधायचं यंत्र आहे. बटणं, जुनी नाणी, सैनिकांची बक्कलं सापडतात. परवाना नाही. पिशवी उघडली असती तर तुरुंगात गेलो असतो. झाडाचा खुनी म्हणून घेणं त्यापेक्षा स्वस्त पडेल असं वाटलं." त्यानं फटीतून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही गिरमिट पाहिलं होतंत का, बाई? खरं सांगा."

"नाही. खुरपं असेल. पाहिल्यासारखं वाटलं."

"वाटलं," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी बागेत सगळ्यांसमोर सांगितलं की मी गिरमिट पाहिलं नव्हतं, चष्मा नव्हता, मी चुकले आणि ल्युबेनचा काही संबंध नाही. मला वाटलं होतं लोक मान खाली घालतील. गेंचोनं हातातला घोडा पटावर ठेवला.

"तुम्हाला कसं कळलं, बाई?"

"कळलं."

"म्हणजे खरा कोण ते तुम्हाला माहीत आहे."

मी चष्मा काढून पुसू लागले.

"एक महिना छातीठोक सांगत होतात. आता एकदम उलट," तो डोळे बारीक करून म्हणाला. "बरं, चौथ्या मजल्यावरून तुम्हाला आता नदी दिसत असेल, नाही?"

दिसत होती. झाडं करपल्यापासून डॅन्यूबचा एक तुकडा मला खरंच दिसत होता, आणि तो मला आवडत होता. माझे कान तापले आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळपर्यंत मी आरोपी झाले. इस्क्रानं मुलीला माझ्या बाकावरून उठवून दुसरीकडे नेलं. टपरीवरचं यंत्र माझ्यासाठीही बिघडलं. माझी जुनी विद्यार्थिनी रस्त्यात दिसली आणि तिनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी रोज त्याच बाकावर एकटी बसायचे. घरात बसले तर कबुली ठरेल, अशी मला भीती होती. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत कीना उभी असायची. मी वर बघायचे नाही.

बाराव्या दिवशी, शनिवारी, बाग भरलेली असताना ती खाली उतरली. अंगात घरचा एप्रन, पायात सपाता. बुद्धिबळाच्या टेबलापाशी आली.

"झाडं मी मारली," ती म्हणाली. "गिरमिट स्तावरीचं. त्याला माहीत नाही, आणि त्याला कुणी सांगितलं तर त्याला माझा जन्मभर तळतळाट लागेल. दोब्रिंकाला उठवा त्या बाकावरून, नाहीतर तिच्याशेजारी जाऊन बसा. मला खिडकीतून बघवत नाही ते."

टेबलाभोवतीचे सगळे तिच्या सपातांकडे बघू लागले.

"कीना," गेंचो शेवटी म्हणाला, "अगं, फांद्या छाटायला सांगायचं होतंस आम्हाला."

ती हसली. तसलं हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "तुझी सही सातवी होती, गेंचो," ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

सोमवारी ती स्वतः पालिकेत गेली. तिला दंड झाला. सप्टेंबरात माणसं आली आणि तिन्ही झाडं कापून गेली. काही लोक तिच्याशी अजून बोलत नाहीत. चौथ्या झाडाच्या फांद्या मात्र मिलेवानं स्वतः उभं राहून व्यवस्थित छाटून घेतल्या, आणि या वेळी कुणी पत्र लिहिलं नाही. गेंचो दर गुरुवारी पट बगलेत मारून स्तावरीकडे खेळायला जातो. स्तावरी एका हातानं त्याला हरवतो. त्याला अजून काही माहीत नाही, की माहीत असून तो बोलत नाही, ते मी विचारत नाही. मी आणि कीना पुन्हा कॉफी पितो, पण पूर्वीसारख्या भडाभडा बोलत नाही. एखादं वाक्य दोघींच्या मध्ये येऊन बसतं आणि मग आम्ही हवेविषयी बोलतो.

ल्युबेनला मी रोज नमस्कार करते. सगळा उन्हाळा तो पत्रांच्या पेट्यांकडे बघत पुढे जायचा. ऑक्टोबरात एकदा मी बटाट्याची थैली घेऊन लिफ्टच्या दारात अडकले होते. तो मागून आला, थांबला.

"वाट द्या, बाई," तो म्हणाला.

मी बाजूला झाले. लिफ्ट मोकळी होती, तरी तो जिन्यानं वर गेला.