'दावा नामंजूर' म्हणणारा शिक्का

मी शिक्का बोलतोय. 'दावा नामंजूर' असं माझ्या पोटावर उलटं कोरलंय. किर्गिझस्तानातल्या नारीन गावच्या विमा कचेरीत बुरुल एजेच्या, म्हणजे बुरुलताईच्या, टेबलावर आलो, त्याला अठरा वर्षं झाली. हात काय जड बाईचा! मी आपटलो की पेल्यातला चहा हिंदकळायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

मग दावे विभागाचे प्रमुख पाच वर्षांनी निवृत्त होऊन त्यांची खुर्ची रिकामी होणार असं कळलं. त्या खुर्चीसाठी कायद्याची पदवी लागते. सत्तेचाळिसाव्या वर्षी एजेने राजधानीत, बिश्केकच्या विद्यापीठात, बहिःस्थ म्हणून नाव घातलं.

"एजे, नातवाच्या बाकावर बसणार का?" शेजारच्या टेबलावरचा मिर्लान चिडवायचा.

"बसेन की! तो मला डब्यातले तळलेले बोर्सोक तरी देईल. तू कधी दिलेस?"

कलमं पाठ करताना ती मला बोटांत फिरवायची. शेवटच्या वर्षी एकदा मध्येच थांबली. खरंखोटं तपासता येत असेल, तर नुसत्या उशिरापायी दावा फेटाळता येत नाही, असं पुस्तकात होतं. तिचा चेहराच उतरला. उठून तिने दोन वर्षांपूर्वीची फाईल काढली. म्हाताऱ्या इमानालीचे नऊ याक बर्फात मेले होते. घाट बंद, म्हणून कळवायला अकरा दिवस उशीर. जनावरांच्या डॉक्टरचा दाखलाही जोडलेला. तरी खाली मी ठसठशीत उमटलेलो, शेजारी तिची सही.

पदवी मिळाली. खुर्चीचा निर्णय सोमवारी होता. एजेने शुक्रवारीच ती फाईल कचेरीच्या साहेबांपुढे ठेवली.

"अहो बाई, दोन दिवस कळ काढा की! आपल्याच पायावर धोंडा कशाला?"

"मग पदवी काय भिंतीवर टांगायला घेतली, साहेब?"

तिची पाच वर्षांची मेहनत पाण्यात जाणार, असंच मला वाटलं. सोमवारी निर्णय द्यायला बिश्केकहून कंपनीच्या वकीलबाई आल्या. त्यांनी फाईल वाचली. "हे कोर्टात गेलं असतं तर आपली अब्रू गेली असती," म्हणाल्या, आणि खुर्ची एजेलाच दिली.

एजेने लगेच म्हाताऱ्या इमानालीला फोन लावला, मानाने 'अक्साकाल' म्हणत. "अक्साकाल, चूक माझी होती. तुमचा दावा मंजूर झालाय."

"एवढं कळायला पाच वर्षं शिकलीस, पोरी? माझ्याकडे चहाला आली असतीस तरी कळलं असतं!"

एजे हसता हसता रडली.

हल्ली ती रोज एक जुनी फाईल उघडते. काही ठिकाणी मी बरोबर निघतो, तेव्हा बरं वाटतं. बाबांनो, मला उचलण्याआधी कागद शेवटपर्यंत वाचत जा, एवढंच मागणं. इमानालीच्या फाईलवर एजेने मला दोन रेघा मारून खोडलंय. अठरा वर्षांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.