कुत्र्याचा डोळा

"अहो, चला ना! आज हा कोरलेला ठोकळा कारखान्यात पोचवायचाय, किती चाचपत बसाल?"

"थांब गं डॉर्कस, एकदा हात फिरवू दे."

माझा जीव टांगणीला लागलेला आणि हे आपले ढिम्म. जन्मभर ह्यांनी लाकडावर चित्रं कोरली. लंडनमधल्या रविवारच्या शाळांतल्या पोरांनी ह्यांचेच कोल्हे-करकोचे बघून पापपुण्य शिकून घेतलं. आता डोळ्यांवर पडदा आला होता आणि ते फक्त मलाच ठाऊक होतं. कारखान्यात कळलं की काम सुटणार. मग निराधारांचा गरीबखाना, आणि तिथे नवरा-बायकोला वेगवेगळ्या दालनांत कोंडतात. म्हातारपणी हे कुठे आणि मी कुठे?

बाजाराचं निमित्त काढून मी ह्यांच्याबरोबर गेले. मुकादम गॅरवेसाहेबांकडे पुस्तक काढणारे पाद्रीबाबा येऊन बसले होते. ठोकळ्यावरच्या चित्राची गोष्ट साधीच होती. दात पडलेल्या शिकारी कुत्र्याच्या तोंडातून रानडुक्कर निसटतं आणि धनी कुत्र्यालाच बडवतो. खाली धडा पाद्रीबाबांनी स्वतः लिहिला होता.

गॅरवेसाहेबांनी ठोकळ्याला शाई लावून पहिला छाप घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"टॅपले, कुत्र्याचा डोळा कुठाय?"

लाकडात जे कोरून टाकाल ते पांढरं उठतं, ठेवाल ते काळं. ह्यांनी बुबुळच कोरून टाकलं होतं.

तेवढ्यात पाद्रीबाबा उठलेच. "वा! आंधळाच दाखवलात की हो! पोरं ढसाढसा रडतील. हेच राहू द्या, गॅरवे."

सुटलो बाई! मी ह्यांच्या दंडाला चिमटा काढला. गप्प बसा म्हटलं.

"नाही, पाद्रीबाबा," हे म्हणाले. "चित्रकाराने ठोकळ्यावर डोळा रेखला होता. मलाच तो दिसला नाही."

"कधीपासून?" गॅरवेसाहेबांनी विचारलं.

"ईस्टरच्या आधीपासून."

देवा रे, काय अडलं होतं ह्यांचं! गॅरवेसाहेबांनी मान खाली घातली. "टॅपले, मला आता दुसरा माणूस बघावा लागेल."

पाद्रीबाबा टोपी उचलत म्हणाले, "प्रभू तुमची काळजी घेईल."

माझं डोकंच फिरलं. "पाद्रीबाबा, जाताजाता चित्राखालचा तुमचा धडा तेवढा वाचून दाखवा. ह्यांना दिसत नाही."

"डॉर्कस!" हे ओरडले.

पण पाद्रीबाबांनी कागद उचलला होता. अगदी हळू वाचलं त्यांनी: "मुलांनो, सेवा करून थकलेल्याला दाराबाहेर घालू नका." मग कागद खाली ठेवला.

ह्यांनी आपल्या कोरण्या फडक्यात गुंडाळल्या. "विकायच्या असतील तर मी घेतो," गॅरवेसाहेब पुटपुटले. हे नको म्हणाले.

बाहेर घोडागाड्यांची ही गर्दी. मी हात धरायला गेले.

"रस्त्यात नको गं, सगळे ओळखीचे आहेत."

मग मी पुढे झाले आणि घरापर्यंत फरशीवर टाचा आपटत चालले, ह्यांना आवाज यावा म्हणून.