बुटावर चालेल असं चित्र

विद्युल्लताने रामनगरच्या बाजारातून पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचे बारा जोड आणले, तेव्हा गोंदाच्या वासाने तिच्या नवऱ्याने, सुमंतने, नाक दाबून त्यांची रवानगी गच्चीवर केली. रविवारी विद्यापीठात प्रदर्शन होतं. स्वस्तातले बूट रंगवून ऐटबाज करायचे आणि विकायचे, एवढाच तिचा बेत. एकोणीस वर्षं काशीतला राजा घाट तिला शास्त्र्यांची सून म्हणूनच ओळखत होता. तिच्या स्वतःच्या नावाची पाटी तिथल्या स्टॉलवर पहिल्यांदा लागणार होती.

आड येत होते ते सासरे, घाटावर छत्रीखाली बसून पूजा सांगणारे ढुंढिराजशास्त्री.

बुधवारी तिने एका जोडावर घाट रंगवला. पायऱ्या, नावा, खाली निळं पाणी. शास्त्रीबुवा पूजा आटोपून चहाला आले.

"गंगा पायाखाली?"

तिने स्पिरिटचा बोळा फिरवून घाट पुसला आणि कमळ रंगवलं. कमळ लक्ष्मीचं निघालं. मोर कार्तिकेयाचा. वैतागून तिने गल्लीतला खरूज झालेला कुत्रा काढला, तर तो साक्षात कालभैरवाचा. गाढवावर तिची फार भिस्त होती, पण तेही शीतलामातेने आधीच धरून ठेवलेलं. काशीत एकही जनावर बेवारशी नाही, हे तिला इतक्या वर्षांत आत्ता कळत होतं.

गुरुवारी तिने जिलेबी रंगवली.

"अन्नपूर्णेच्या गावात अन्न तुडवायचं?"

"मग नुसते त्रिकोण काढते, मामंजी."

"त्रिकोण म्हणजे यंत्र." हे ते देवादिकांचे फोटो छापलेल्या वर्तमानपत्रावर ऐसपैस बसून सांगत होते.

शुक्रवारीही जोड कोरेच. विद्युल्लताला रडू येत होतं, आणि राग त्याहून जास्त.

"मामंजी, परवा संडे आहे. आता तुम्हीच बोला, बुटावर चालतं तरी काय?"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटून विचार केला. "माणूस काढ. माणूस पायाखाली आला तर कुठलाच दोष लागत नाही."

शनिवारी संध्याकाळी, रंग बसावा म्हणून इस्त्री फिरवून, बाराही जोड तयार झाले. प्रत्येकावर तोच गृहस्थ होता. छत्रीखाली मांडी घातलेला, सुटलेलं पोट, कपाळावर भस्माचे पट्टे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि एक डोळा दक्षिणेच्या ताटलीकडे.

शास्त्रीबुवांनी एक बूट बराच वेळ न्याहाळला.

"हा कोण?"

"माणूसच आहे, मामंजी. की देव म्हणायचं?"

सुमंत खोकल्याचं निमित्त करून बाहेर सटकला. शास्त्रीबुवांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावरून वर ढकलला. माणूस म्हणावं तर उद्यापासून विद्यापीठाची पोरं त्यांना घालून हिंडणार; देव म्हणावं तर घाटावर तोंड दाखवायची सोय नाही. त्यांनी बूट हळूच खाली ठेवला.

"पोट तरी जरा आत घे," ते म्हणाले.

"आता होणार नाही, मामंजी. रंग पक्का झालाय," असं म्हणून विद्युल्लता जोड खोक्यात भरू लागली.