शिट्टीचा बाण

चंद्रहासनं हातातले कागद टेबलावर आपटून सरळ केले आणि पेनाचं टोक सत्यजितवर रोखलं.

"मागच्या शुक्रवारचं प्रकरण. घोड्यावर बाण सोडताना जे कचरले, त्यांचं मोदूनं काय केलं?"

सत्यजितच्या तोंडात पोळीचा घास होता. तो त्यानं तसाच गिळला. "उडवलं, सर."

"काय उडवलं?"

"मुंडकं."

"आणि का?"

"ऑर्डर इज ऑर्डर."

टेबलाच्या कोपऱ्यात बसलेल्या तानाबे-साननी मान डोलावली. त्यांना मराठीचं अक्षर कळत नसे. पण साहेब बोलतात तेव्हा मान डोलवायची असते, एवढं त्यांना वीस वर्षांत पक्कं कळलं होतं.

कोबेच्या बंदराजवळचं हे ऑफिस तसं लहानसंच. मुंबईच्या एका व्यापारी कंपनीची शाखा. जपानी यंत्रं घ्यायची, भारतात पाठवायची. चंद्रहास शाखाप्रमुख. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःची कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवी आणि बाकीच्यांनी डबे खात ऐकायची. नंदिनीला तर ऐकायचीही गरज नव्हती. ऑफिसची सगळी कागदपत्रं तीच सांभाळत असे, आणि त्या कागदपत्रांत ही कादंबरी कधी येऊन बसली ते तिलाही आठवत नव्हतं. अडीचशे पानं तिनंच टाइप केली होती. मोदू तिला तोंडपाठ होता.

दोन हजार वर्षांपूर्वीचा, चीनच्या उत्तरेकडच्या माळरानावरचा शिओंग्नूंचा राजा. त्यानं म्हणे शिट्टी वाजवणारा बाण बनवला आणि सैन्याला सांगितलं, माझा बाण जिकडे जाईल तिकडे तुम्ही सगळ्यांनी मारायचं. विचार करायचा नाही. आधी त्यानं स्वतःच्या लाडक्या घोड्यावर बाण सोडला. मग लाडक्या बायकोवर. दरवेळी कचरणारे कापले गेले. शेवटी राहिले ते न कचरणारे. मग एका शिकारीत तो बाण त्याच्या बापाकडे, तौमानकडे गेला.

"लीडरशिप म्हणजे हे," चंद्रहास म्हणाला. "बाकी सगळं पुस्तकी."

डब्यांची झाकणं लागली. तेव्हा त्यानं खणातून निळी फाईल काढली आणि नंदिनीपुढे सरकवली.

"आज फिरव. चारच्या आत परत."

तिनं फाईल उघडली. वरच्या ओळीतच नाव होतं मोरेश्वरकाकांचं, चंद्रहासच्या जुन्या साहेबांचं, जे आता सल्लागार म्हणून वरच्या मजल्यावरच राहत. एकतीस मार्चपासून सल्लागारपद रद्द. तिसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी करणे. खाली, इथं सहीऐवजी मारतात त्या नावाच्या शिक्क्यांचे चौकोन होते आणि डावीकडच्या पहिल्या चौकोनात चंद्रहासचा लाल शिक्का आधीच उमटलेला होता.

आता हे उलटंच. इथल्या रीतीनं कागद खालून वर जातो. सगळ्यात धाकटा उजवीकडे पहिला शिक्का मारतो, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा, आणि साहेब शेवटी. जानेवारीपासून चंद्रहासनं ते फिरवलं होतं. आधी त्याचा शिक्का, मग बाकीच्यांचे. जानेवारीत त्यानं स्वतःची ऑफिसची गाडी काढून टाकली. जिवापाड जपलेली गाडी. रविवारी स्वतः पुसायचा. सगळ्यांनी खुशाल शिक्के मारले, साहेबांचीच गाडी, आपल्या बापाचं काय जातंय! फेब्रुवारीत त्याची बायको स्वरूपा ऑफिसातल्या मोकळ्या खोलीत दर शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायची, तो बंद झाला. नंदिनीची मुलगी आर्या तिथं चार वर्षं जात होती. सत्यजितनं तेवढं विचारलं होतं, "वहिनींना माहितीये ना, सर?" सोमवारपासून त्याची खुर्ची बंदरावरच्या गोदामात गेली. आता त्याला शुक्रवारी तेवढं वाचन ऐकायला बोलावलं जाई.

घोडा झाला, बायको झाली. पुढचं प्रकरण नंदिनीनं परवाच टाइप केलं होतं. बापाचं.

सत्यजितनं फाईल घेतली, वाचली, आणि एकदाही वर न बघता शिक्का मारला. डावीकडे झुकलेला, व्यवस्थित.

"अरे," नंदिनी हळूच म्हणाली, "काकांनी तुला घर मिळवून दिलं होतं ना? गॅरंटर म्हणून सही केली होती?"

"मग काय करू? मला परत मुंबईला पाठवतील. तूच सांग ना, काय करू?"

तिचं स्वतःचं कॉन्ट्रॅक्टही त्याच तारखेला संपत होतं आणि नवं कॉन्ट्रॅक्ट चंद्रहासच्या खणात बिनसहीचं पडलं होतं. व्हिसा त्याच्यावर. नवरा दोन वर्षांपूर्वी पुण्याला निघून गेला तो गेलाच. आर्या एप्रिलमध्ये सातवीत जाणार होती; नव्या शाळेचा गणवेश भिंतीला टांगून ठेवला होता आणि ती रोज त्याच्याकडे बघून जपानीत काहीबाही पुटपुटत असे. मराठी वर्ग बंद झाल्यापासून ती घरातही जपानीच बोलत होती. नंदिनीला त्याचा फार राग यायचा, आणि तो काढायला कुणी नव्हतं.

तानाबे-साननी न वाचताच शिक्का मारला. तोही झुकलेला.

राहिले दोन चौकोन. एक नंदिनीचा. दुसरा अगदी उजवीकडे टोकाला, नव्या पोरांच्या जागी. त्यावर लिहिलं होतं, 'संबंधित व्यक्ती'. स्वतःला काढून टाकणाऱ्या कागदावर म्हाताऱ्यानं स्वतःच मान्य म्हणून शिक्का मारायचा. हा फॉर्म सोमवारी चंद्रहासनं तिच्याकडूनच नवा करून घेतला होता. जुन्या फॉर्मवर सगळ्यात डावीकडे, शाखाप्रमुखाच्याही पलीकडे, सल्लागाराचा चौकोन असे. "तो काढ," चंद्रहास म्हणाला होता, "आणि मार्जिन तेवढंच ठेव." तिनं ठेवलं होतं.

स्वतःचा चौकोन तसाच सोडून ती जिना चढली.

मोरेश्वरकाका खिडकीपाशी बसून दुधाचे रिकामे खोके कात्रीनं उघडून धूत होते. मंगळवारच्या कचऱ्यासाठी; इथं खोके धुऊन-वाळवूनच द्यावे लागतात. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं या खोलीत, आणि खोके असे वाळवायचा की जणू लोणच्याच्या फोडी. कानाचं यंत्र टेबलावर काढून ठेवलं होतं. तिला बघून त्यांनी ते लावलं.

"ये गं. आणलास?"

"काय, काका?"

"कागद."

तिनं फाईल दिली. त्यांनी सावकाश वाचली. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"तुला माहितीये ना, मी त्याला काय केलं होतं?" ते म्हणाले.

"थोडंफार."

"थोडंफार कशाला? नीट ऐक. त्सुकुबाच्या एका गिऱ्हाइकाकडे खराब माल गेला. माझ्या सहीनं. मी ह्याला तिथं पाठवला, म्हटलं बदली माल येईपर्यंत तू तिथंच बस, त्यांचा राग शांत राहील. आणि मुंबईला कळवलं, चूक चंद्रहासची. अकरा महिने बसला बिचारा तिथं. रोज सकाळी वाकून माफी मागायचा. मी बदली माल मागवलाच नव्हता." त्यांनी कात्री खाली ठेवली. "हे कादंबरीत आहे?"

"दुसऱ्या प्रकरणात. तौमान मुलाला शत्रूकडे ओलीस ठेवतो आणि मग त्याच शत्रूवर चाल करून जातो. पोरगा मरावा म्हणून."

"बरोबर लिहिलंय." त्यांनी धुतलेला खोका खिडकीत उभा केला. "माफी मी मागणार नाही. तेव्हा नाही मागितली, आता खोलीसाठी मागितली तर थू आहे माझ्यावर. शेवटी काय होतं? म्हाताऱ्याला कळतं का, बाण येतोय ते?"

"नाही. शिकारीत बेसावध असतो. काही कळायच्या आत पडतो."

"हॅट्!" काका एकदम हसले, आणि त्या हसण्यात गोडवा अजिबात नव्हता. "शिट्टी वाजते ना बाणाची? मग कळेल कसं नाही? मला, ह्या बहिऱ्याला, गाडी गेली तेव्हाच ऐकू आली. सांग त्याला. एवढा मोठा लेखक झालाय, आणि एवढं साधं लक्षात नाही आलं?"

कॉटखाली बॅग भरलेली होती. नंदिनीला ती आत्ता दिसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचीच तिला चीड आली.

"मारू नका ना शिक्का, काका. तुम्ही नाही मारलात तर मुंबईला विचारावं लागेल त्यांना."

"आणि मग तुमची मुंडकी उडतील. नको."

त्यांनी शिक्क्याची लाकडी डबी उघडली. शिक्का लाल शाईवर टेकवला, एकदा, दोनदा. आणि उजव्या टोकाच्या चौकोनाकडे हात नेता नेता थांबले. चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ डाव्या बाजूला काहीतरी बघत राहिले.

"चंद्रहास शहाण्णव साली आला तेव्हा शिक्का सरळ मारायचा," ते म्हणाले. "म्हटलं, गाढवा, इथं शिक्का सरळ मारायचा नसतो. डावीकडे झुकव. डावीकडे तुझा वरिष्ठ. तुझं नाव त्याच्या नावाला नमस्कार करतंय, असं दिसलं पाहिजे. दोन दिवस रद्दीवर गिरवून घेतलं होतं."

मग त्यांनी शिक्का उमटवला. कुठे ते नंदिनीनं पाहिलं. त्यांनी शाईवर हलकी फुंकर मारली आणि फाईल मिटून तिच्या हातात दिली.

"जा. आणि तुझ्या पोरीला शनिवारी पाठव. ही खोली आहे तोवर इथं बसेल. मला वर्ग-बिर्ग घेता येत नाही, पण शिव्या सगळ्या शुद्ध मराठीत देतो."

चारला पाच मिनिटं कमी असताना तिनं फाईल चंद्रहासच्या टेबलावर ठेवली.

"काही बोलला?"

"विचारत होते, शिट्टी वाजते तर म्हाताऱ्याला ऐकू कशी येत नाही."

"फार शहाणपणा आहे अजून," तो म्हणाला आणि फाईल उघडली. त्याची नजर उजवीकडून सुरू झाली. एक बोट चौकोनावर आपटलं. "हा तुझा. रिकामा आहे."

"हो, सर."

"विसरलीस?"

"नाही."

तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. पण शब्द निघून गेला होता आणि परत घ्यावा असं तिला वाटत नव्हतं. चंद्रहासनं तिच्याकडे वर पाहिलं. खण ओढला, बिनसहीचं कॉन्ट्रॅक्ट काढून टेबलावर ठेवलं आणि त्यावर तळहात दाबला.

"अडीचशे पानं टाइप केलीस तू. कचरणाऱ्यांचं काय होतं, तुला मी सांगायला पाहिजे?"

"नको, सर."

"आणि त्या म्हाताऱ्याचा शिक्का कुठाय? त्याचाही चौकोन को—"

तो थांबला. त्याला दिसलं होतं.

कागदाच्या अगदी डावीकडे, जिथं आता चौकोन नव्हता त्या मोकळ्या मार्जिनमध्ये, मोरेश्वरकाकांचा शिक्का होता. सरळ, ठसठशीत. त्याच्या उजव्या हाताला चंद्रहासचा. आणि तो शिक्का डावीकडे झुकलेला होता. सगळ्यांच्या आधी, कुणाच्याही वर नसताना, चंद्रहासनं स्वतःच्या हातानं झुकवून मारलेला. अठ्ठावीस वर्षं मारत आला तसा. त्याच्या मागोमाग तानाबे-सानचा, सत्यजितचा. जुन्या फाइलींत असे शेकडो कागद होते, काकांचं नाव सरळ आणि बाकीची त्याला नमस्कार करणारी.

भिंतीवरचं घड्याळ चारवर गेलं. चंद्रहासचे कान तांबडे झाले होते.

"नवा फॉर्म आण," तो म्हणाला.

तिनं आणला. त्यानं शिक्का उचलला. शिक्क्याच्या बाजूला वरची दिशा कळायला लहानशी खाच असते, ती बोटानं चाचपून त्यानं शिक्का अगदी सरळ धरला. शाईवर दाबला. कागदावर नेला. हात तिथंच राहिला. वरच्या मजल्यावर नळ चालू होता. काका अजून खोके धूत असावेत. नंदिनी उभी होती. मांडीशी घट्ट धरलेली स्वतःची शिक्क्याची डबी तिला आता घामानं ओली लागत होती.

"जिंकला नाहीये तो," चंद्रहास दात आवळून म्हणाला. "सांग त्याला. कळलं? जिंकला नाहीये."

"सांगते."

त्यानं शिक्का खाली ठेवला. कोऱ्या कागदावर एक टिंबही उमटलं नव्हतं.

"आज राहू दे. शाई सुकलीये."

सकाळीच तिनं त्याची शाईची डबी काठोकाठ भरली होती. अंगठ्यावरचा लाल डाग अजून गेला नव्हता. तिनं अंगठा मुठीत घेतला.

"हो, सर," ती म्हणाली, आणि दोन्ही कागद उचलून बाहेर आली.